शेवटची सोळा पानं

२ फेब्रुवारी

शुक्रवारी चित्रपट लागतोय. ग्रुपवर सकाळपासून नुसता कलकलाट चाललाय. एकोणचाळीस माणसं आणि सगळी एकाच कादंबरीच्या प्रेमात. कादंबरीही अशी, की लेखिकेने आयुष्यात तेवढी एकच लिहिली, ती दोनदा छापली गेली आणि पुढे चाळीस वर्षं कुणी तिचं नाव काढलं नाही. चित्रपट निघतोय म्हटल्यावर आम्ही वाचक एकमेकांना सापडलो.

ग्रुप चालवते ती दातांची डॉक्टर आहे, तिशीची. जाड भिंगांमुळे सगळे तिला चष्मिष म्हणतात आणि तीही हसून ओ देते. तिने पहिल्याच दिवशी नियम केला, शेवट कुणी बोलायचा नाही. नवे वाचक येताहेत, त्यांचा विरस नको. मी लगेच कळवलं, हा नियम मी जन्मभर पाळत आलेय. खोटं नाही ते. बाबा गेले त्या वर्षी, म्हणजे बारा वर्षांपूर्वी, भाजी निवडता निवडता आई एकदम म्हणाली होती, "त्या तुझ्या पुस्तकाचा शेवट काय गं?" मी म्हटलं, "आई, शेवट सांगत नसतात. पहिल्यापासून वाचून दाखवू का?" ती नको म्हणाली आणि देठं मोडत बसली. पुन्हा कधी विचारलं नाही. आईला पुस्तकांचं तसं काही पडलेलं नसतंच.

ग्रुपवर माझं नाव टाकेबाई. ग्रंथालयाच्या तळघरात बसून मी फाटकी पुस्तकं शिवते म्हणून.

हे म्हणाले, "शुक्रवारी तू यायच्या आत काचेचं सामान उचलून ठेवतो." बसडेपोत तीस वर्षं गाड्यांच्या वेळा लिहून माझ्या रागाची वेळही यांना आधी कळायला लागलीय.

३ फेब्रुवारी

चष्मिषने ग्रुपवर सगळ्यांना विचारलं, तुम्ही ही कादंबरी पहिल्यांदा कधी वाचलीत? मी लिहिलं, वाचली नाही, ऐकली. पुढचं ग्रुपवर लिहिण्यासारखं नव्हतं, ते इथे लिहिते.

बाबा छापखान्यात पुस्तकं बांधायचे. बांधताना बिघडलेल्या प्रती मालक रद्दीत काढायचा, त्या बाबा घरी आणायचे. त्यामुळे आमच्या घरी पुस्तकं रगड, पण धड एकही नाही. सोळा पानांचा एक फर्मा असतो, असे फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक होतं. आमच्याकडे कुणाचा फर्मा उलटा, कुणाचा दोनदा, कुणाचा गायबच. ताई म्हणायची, फुकट वाचायला मिळतंय, वर नाक कशाला मुरडायचं?

मी नऊ वर्षांची होते, ताई एकोणीसची. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि अठरा दिवस डोळ्यांवर पट्ट्या होत्या. त्या अठरा दिवसांत ताईने ही कादंबरी मला वाचून दाखवली. तिच्या हातात बाबांची हाडाची पट्टी असायची, कागदाला घडी घालायची, टोकाला जळका डाग असलेली. पान उलटायच्या आधी ती पट्टीने पानावर टक् टक् करायची, मग पान सळसळायचं. मला दिसत काहीच नव्हतं, त्यामुळे हे आवाज अजून कानात आहेत.

गोष्ट दोघी बहिणींची. त्यांना नावंच नाहीत, थोरली आणि धाकटी. थोरलीला नको असलेलं लग्न घरचे ठरवतात. आणि शेवट... या वहीत लिहायला हरकत नाही, ही कोण वाचणार? थोरली नदीकाठी चपला काढून ठेवते, घरच्यांना वाटावं की बुडाली. मग अनवाणी चालत निघते. नदी समुद्राला मिळते त्या बंदराच्या गावी जाते. तिथे टपाल कचेरीच्या मागे शिंप्याचं दुकान, दुकानावर एक खोली, खोलीला बाहेरून दगडी जिना, बारा पायऱ्या. त्या खोलीतून ती मनातल्या मनात धाकटीला सांगते, "मोठी झालीस की ये. सातवी पायरी मोडकी आहे, जपून ये." बस्स, इथे संपतं. किती साधं, आणि किती छान!

शेवटच्या दिवशी ताई फार सुरेख वाचत होती. टक् टक् नाही, सळसळ नाही, कुठे अडखळणं नाही. तिला तोंडपाठच झालं असणार. एका हाताने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. शेवट तिने दोनदा वाचला, आणि मग मलाही तसाच्या तसा म्हणून दाखवायला लावला. वेडीच होती.

माझ्या पट्ट्या सुटल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी ताईच्या चपला नदीकाठी सापडल्या. तिचंही लग्न ठरलं होतं, छापखान्याच्या मालकाच्या विधुर भावाशी. पाणी चढलेलं होतं. शरीर मिळालं नाही. मी आईला म्हटलं, "ताई बुडाली नसेल, ती थोरलीसारखी..." एवढंच बोलले आणि आईने अशी मुस्कटात दिली की माझ्या नव्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. "पुस्तकातलं पुस्तकात राहू दे. पुन्हा तोंडातून काढलंस तर बघ." बाबा शेजारच्या खोलीत होते. ते हाडाची पट्टी शोधत होते, आणि पुढे महिनाभर शोधतच राहिले.

मोठेपणी माझी समजूत झाली, की ताई पुस्तकाची नक्कल करायला गेली आणि पाण्याने तिला ती पुरी करू दिली नाही. पुस्तकातली थोरली मात्र जगते. मी तेवढ्यावर भागवत आलेय. आमच्या प्रतीची शेवटची पानं हाताळून हाताळून केव्हाच गळून पडली, पण मला ती बघायची गरज नाही.

६ फेब्रुवारी

मारली. तिला मारली त्यांनी!

चपला काठावर ठेवल्या तिथवर सगळं बरोबर. मी हातातला रुमाल घट्ट धरला आणि आता ती अनवाणी रस्त्याला लागेल म्हणून वाट बघत बसले. ती पाण्याकडे वळली. गुडघ्याइतकं पाणी, मग कमरेइतकं. मी मोठ्याने "अगं नाही!" म्हटलं, पुढच्या रांगेतली चार डोकी वळली. मग पाणी तिच्यावरून मिटलं आणि पडद्यावर नुसतं पाणीच राहिलं. कितीतरी वेळ.

त्या शांततेत मला टक् टक् ऐकू आलं. मागे कुणीतरी बाटलीवर नख वाजवत असेल.

घरी आले तर यांनी खरंच काचेचं सामान उचललेलं. मी काही फोडलं नाही. मुकाट्याने जेवले. हे म्हणाले, "हे जास्त वाईट लक्षण आहे."

८ फेब्रुवारी

आज चष्मिषच्या दवाखान्यात सभा झाली. रविवारी दवाखाना बंद असतो, म्हणून वाट बघायच्या खोलीत आम्ही अकरा जण बसलो. भिंतीवर दातांची चित्रं आणि खाली आम्ही दात-ओठ खाणारे.

एकेक जण आपलं दुःख सांगायला लागला. धाकटीला गोष्टीत कुरळे केस आहेत, यांनी सरळ का केले? घराचं दार हिरवं होतं ते निळं कसं? आजोबांचं पात्रच उडवलं. एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांना तर गाण्याचा इतका राग आला होता की ते बोलताना उभे राहिले. "एवढ्या मुक्या पुस्तकात गाणं! विहिरीवर ढोल लावल्यासारखं."

मी वाट बघत होते. म्हटलं, शेवटाचं कुणी तरी काढेलच. कुणी काढेना. शेवटी मी म्हटलं, "केस आणि दारं काय घेऊन बसलात? शेवटाचा ध चा मा केला त्यांनी, त्याचं काय? चांगली जिवंत बाई बुडवली!"

चष्मिष चष्मा पुसायला लागली. "काकू," ती हळूच म्हणाली, "शेवट तर त्यांनी तसाच ठेवलाय ना? तेवढं एकच तर तसंच ठेवलंय."

"तसाच? ती बंदराला जाते. शिंप्याच्या वर राहते. बारा पायऱ्या..."

मास्तर माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मला आवडली नाही, इस्पितळात भेटायला आलेल्यांची असते तशी होती. म्हणाले, "टाकेबाई, घरी जाऊन एकदा निवांत वाचा."

मी चप्पल घातली आणि निघाले. निर्मात्याने यांना फुकट तिकिटं दिली असतील, म्हणून हे सगळे एका सुरात बोलताहेत.

१० फेब्रुवारी

चित्रपटाच्या निमित्ताने कादंबरीची नवी आवृत्ती निघालीय. मुखपृष्ठावर नटीचा फोटो, म्हणून मी तिला हात लावला नव्हता. आज ग्रंथालयात आली तेव्हा पहिल्यांदा शेवट उघडला. त्यातही थोरली बुडते! म्हणजे चित्रपटाला सोयीचं व्हावं म्हणून मेलेल्या लेखिकेचं पुस्तकसुद्धा बदललं. याला चोरी म्हणतात.

तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं. लेखिकेच्या भाच्याने हक्क विकलेत, त्याला, दिग्दर्शकाला आणि वर्तमानपत्राला, तिघांना पाठवणार आहे. रागात मोठ्याने वाचत लिहिण्याची माझी खोड. आई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. तिला आता पंच्याऐंशीवं चालू आहे, नजर जवळजवळ गेलीय, पण कान तिखट.

"कोण बुडालं?" तिने विचारलं.

"थोरली. चित्रपटात."

"आणि पुस्तकात?"

"पुस्तकात नाही बुडत."

आई जरा पुढे सरकली. चादरीचं टोक बोटांभोवती गुंडाळत म्हणाली, "मग कुठे जाते?"

मी सांगणारच होते, तेवढ्यात चष्मिषचा फोन आला, मास्तरांना माझा पत्ता हवाय म्हणून. फोन संपेपर्यंत माझं डोकं पुन्हा तापलं होतं. आईला म्हटलं, नंतर सांगते. ती बराच वेळ तशीच पुढे झुकून बसली होती. पाठ दुखेल म्हणून मी तिला मागे टेकवलं.

१४ फेब्रुवारी

मास्तर स्वतः आले. कापडात गुंडाळलेली जुनी प्रत घेऊन आले, पहिल्या आवृत्तीची. आतल्या पानावर त्यांच्या अक्षरात तारीख, पन्नास वर्षांपूर्वीची. ते चहा पिईपर्यंत मी शेवटची सोळा पानं वाचली. चपला त्यांच्या आधीच्या पानावरच आहेत, आमच्या प्रतीत आहेत तशाच. नदी आहे. थोरली पाण्यात शिरते आणि बुडते. धाकटी दुसऱ्या दिवशी चपला घरी आणते, आणि संपतं.

बंदर नाही. शिंपी नाही. पायऱ्या नाहीत.

मी प्रत उजेडाकडे धरून कागद तपासला, शाई तपासली, पानं मागाहून डकवलीत का ते नखाने बघितलं. पन्नास वर्षांपूर्वी मास्तरांनी मला फसवायला बनावट पुस्तक करून ठेवलं असेल, असाच माझा एकूण आव होता. जाताना बिचारे एवढंच म्हणाले, "प्रत राहू द्या तुमच्याकडे. घाई नाही."

ते गेल्यावर मी आमची प्रत काढली. आयुष्यभर लोकांच्या पुस्तकांचे टाके उसवून बघितले, हिची पाठ मात्र कधी उघडली नव्हती. ताईचा हात लागलेली प्रत, कशाला सुरी लावायची? आज लावली. मास्तरांच्या प्रतीत पंधरा फर्मे आहेत, आमच्या प्रतीत चौदा. पंधरावा गळून पडला असं मी समजत होते. गळला असता तर दोरा तुटलेला दिसला असता. दोरा तुटलेला नाही. चौदाव्या फर्म्यानंतर बाबांच्या हाताची गाठ आहे, घट्ट, तिच्यावर खळ वाळलेली. तिथे पंधरावा फर्मा कधी नव्हताच. म्हणून तर ती प्रत रद्दीत निघाली आणि आमच्या घरी आली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ते हेच.

१५ फेब्रुवारी

ताईने पानं उलटली नाहीत, कारण उलटायला पानं नव्हती.

१८ फेब्रुवारी

तीन दिवस कामावर गेले नाही. ताप आल्याचं कळवलं. हे काही विचारत नाहीत, माझ्यापुढे चहा ठेवतात, गार झाला की नेतात, दुसरा आणतात.

शिवण उघडल्यापासून टक् टक् थांबलेलं नाही. नळ बघितला, घड्याळ बघितलं, खिडकीची कडी बांधून टाकली. अंघोळ करताना येतं, भांडी घासताना येतं. मला भीती वाटतेय हे लिहून टाकते. भुताची नाही. शेवट लेखिकेचा असेल तर ती एक गोष्ट झाली. ताईचा असेल तर तो पत्ता झाला. आणि पत्ता दिलेला असताना मी सत्तेचाळीस वर्षं गेले नाही.

दोनदा वाचून तोंडपाठ करून घेतला होता तिने माझ्याकडून.

आज यांना सगळं सांगितलं. यांनी ऐकून घेतलं आणि आत जाऊन जुनं वेळापत्रक घेऊन आले. "बंदराची पहिली गाडी सहा दहाची. मी येऊ का?" मी म्हटलं, नको. गेले चार दिवस आईच्या समोर बसवत नाही. तिला वाटतंय, मला खरंच ताप आहे.

२१ फेब्रुवारी

गाडीत लिहितेय, अक्षर हलणार.

टपाल कचेरी सापडायला वेळ लागला नाही. मागे एक अरुंद गल्ली आहे आणि गल्लीत कपडे दुरुस्तीचं दुकान. दारात पन्नाशीचा शिंपी पँटची शिवण उसवत बसला होता. दुकानाला लागून बाहेरून दगडी जिना. मी काही न विचारता जिना चढले, एकेक पायरी मोजत. बारा. बाराच्या बारा धड. वरच्या दाराला कुलूप होतं, दोरीवर कुणाच्या तरी लहान मुलाचे कपडे वाळत होते. मी तशीच उतरले. खरं सांगते, उतरताना मला सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, चला, गोष्टच होती. असे जिने काय, गावोगाव असतात.

शिंपी म्हणाला, "काय मोजताय, बाई? खोली बघायला आलात का? ती दिलीय."

"नाही. मला वाटलं होतं, सातवी पायरी मोडकी असेल."

त्याने हातातली पँट मांडीवर ठेवली. माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही धाकट्या का?"

मला बसायला स्टूल दिलं. पाणी दिलं. त्याने सांगितलं ते असं, की बाइंडिंगवाल्या मावशी त्याच्या वडिलांच्या वेळेपासून वर राहायच्या. कचेऱ्यांची रजिस्टरं, शाळेच्या वह्या बांधायच्या. एकट्याच. स्वभाव कडक, पण त्याला पाढे त्यांनीच शिकवले. "मावशी जाऊन दोन वर्षं झाली. छातीत पाणी झालं होतं. आठच दिवस आजारी होत्या. त्या गेल्यावर मी ती पायरी भरून घेतली. त्या असताना हात लावू द्यायच्या नाहीत. माझे वडील दोनदा पडले त्या पायरीवरून, तरी नाही. म्हणायच्या, राहू दे रे, कुणाला तरी ओळख पटायची आहे. कुणीही जिना चढायला लागलं की वरून ओरडायच्या, सातवी मोडकी आहे गं, जपून ये! पोस्टमनला, दूधवाल्याला, सगळ्यांना अगं-तुगं."

मी जिन्याकडे बघितलं. सातव्या पायरीचा दगड बाकीच्यांपेक्षा उजळ आहे. चढताना मला दिसला नव्हता.

"पत्र का नाही टाकलं तिने?" मी विचारलं. माझा आवाज मलाच चढा वाटला.

"आम्हीही म्हणायचो. त्या म्हणायच्या, पत्र बापाच्या हातात पडायचं. पुढे मी म्हटलं, आता एवढी वर्षं झाली, आता तर टाका. तर म्हणाल्या, पत्ता तिच्याकडे आहे, पाठ करून घेतलाय मी. येत नाही म्हणजे रागावली असेल माझ्यावर. रागावली असेल तर तिचं तिला येऊ दे."

"मी रागावले नव्हते," मी त्याला म्हटलं. जसं काही तो वर जाऊन निरोप सांगणार होता. "मला कळलंच नाही हो. मला ते पुस्तकातलं वाटलं."

त्याला काय कळणार? पण त्याने मान हलवली. मावशींचं सामान वाटून टाकलं होतं. एक वस्तू त्याने स्वतःसाठी ठेवलेली, कापडाची घडी दाबायला बरी पडते म्हणून. खण उघडून त्याने ती माझ्या हातात दिली. हाडाची पट्टी. टोकाला जळका डाग.

मी दुकानात त्या स्टुलावर बसून रडले. गिऱ्हाइकं आली, त्याने त्यांना उद्या यायला सांगितलं.

२२ फेब्रुवारी

सकाळी चष्मिषचा निरोप आला. पत्र तयार आहे, केस, दार, आजोबा, गाणं, सगळं घातलंय, काकू तुमची सही हवी. मी कळवलं, सही करत नाही, शेवट त्यांनी बरोबर दाखवलाय. तिने लगेच लिहिलं, काकू, तुम्ही बऱ्या आहात ना? मी लिहिलं, हो.

मग आईजवळ जाऊन बसले. काय बोलायचं ते गाडीत ठरवलं होतं, ते सगळं विसरले. पट्टी तिच्या हातात दिली. तिने ती बोटांनी चाचपली, टोकाशी आली आणि थांबली.

"कुठे होती?" तिने विचारलं. पट्टीबद्दल नाही, ते मला कळलं.

"बंदरावर, आई. दोन वर्षांपूर्वीपर्यंत होती."

"बुडाली नाही."

"नाही. बुडाली नाही."

मी तिची पाठ चोळायला गेले तर तिने माझा हात बाजूला केला, आणि म्हणाली, "सातवी मोडकी होती ना?"

पायरीचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. कालचंही नाही.

"स्टोव्ह पेटलेला होता," आई म्हणाली. "दाराआड उभी राहून मी ऐकत होते. त्या पुस्तकाला शेवट नाही हे मला ठाऊक होतं. तुझ्या बाबांनी ते आणलं तेव्हाच ती कुरकुरली होती, शेवटच नाही म्हणून. आणि मग ती तुला शेवट सांगत होती. मला पायऱ्या ऐकू आल्या. सातवी ऐकू आली. गाव कुठलं ते मात्र स्टोव्हच्या आवाजात गेलं."

"मग मला मारलंस का?"

"हे पलीकडच्या खोलीत होते. तू आणखी एक शब्द बोलली असतीस तर संध्याकाळपर्यंत तिला फरफटत आणली असती."

बाबांबद्दल बोलताना आई अजूनही 'हे'च म्हणते. ती पट्टी मांडीवर उलटसुलट करत राहिली. मला वाटलं, झालं. पण तिचं झालं नव्हतं.

"मारलं ते मारलं, पण तू पुन्हा बोललीच नाहीस. हे गेल्यावर मी तुला विचारलं होतं एकदा. भाजी निवडत होतो आपण."

मला आठवलं. मी काय उत्तर दिलं होतं तेही आठवलं. या वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या फुशारकीने लिहून ठेवलंय. बारा वर्षं झाली त्याला, आणि ताईला जाऊन दोन. दहा वर्षं ती वर बसून होती आणि आम्ही दोघी इथे भाजी निवडत होतो.

"तू म्हणालीस, शेवट सांगत नसतात," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मला वाटलं, तिने तुला शपथ घातली असेल. म्हटलं, दोघी बहिणींचं काही ठरलेलं असेल. आपण मध्ये कशाला पडा?"

आत यांनी रेडिओ बंद केल्याचा आवाज आला. मी आईच्या पायाशी डोकं ठेवून बसले. किती वेळ ते माहीत नाही. मग तिने माझ्या खांद्याला पट्टीचं टोक लावलं.

"आता सांग."

मी तिचा मोकळा हात धरला, ताईने माझा धरला होता तसा, आणि पहिल्यापासून सांगितलं. चपला सांगितल्या. अनवाणी वाट सांगितली. नदीचं मुख, बंदर, टपाल कचेरी, मागची गल्ली, शिंप्याचं दुकान. बंदर म्हटल्यावर आईने ते मला पुन्हा म्हणायला लावलं, आणि स्वतःशी दोनदा म्हणून बघितलं. मग जिना आला. मी पायऱ्या मोजायला लागले तशी आईने पलंगाच्या कडेवर पट्टी वाजवायला सुरुवात केली, एका पायरीला एकदा. टक्. टक्. सहा वेळा वाजली. मग तिने हात उचलून धरला, एक पायरी मोकळी सोडली, आणि आठवीवर टेकवला.